आधी टायर, मग गाडी

फोर व्हील ड्राइव्ह हा विषय निघाला की आपल्या मेसमध्ये ताबडतोब दोन पार्ट्या पडतात. एक थारवाल्यांची, एक जिम्नीवाल्यांची. ताटातली भाजी गार होते पण भांडण मिटत नाही. हा लेख त्या भांडणात तेल ओतण्यासाठी नाही. हा आहे ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकबद्दल, म्हणजे त्या देशाच्या मधल्या प्रचंड, कोरड्या, जवळजवळ निर्मनुष्य प्रदेशाबद्दल. तिथे सहलीला जाताना गाडी आणि टायर कसे निवडतात, आणि त्यामागे आपल्याच सिलॅबसमधलं काय काय दडलेलं आहे, ते सांगायचं आहे.

यात मी कशी पडले तेही सांगते. माझा मावसभाऊ ॲडलेडला नोकरी करतो. त्याने ठरवलं आहे की येत्या जुलैत वहिनी आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन बर्ड्सव्हिल ट्रॅकवरून जायचं. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं मरी हे छोटं गाव ते क्वीन्सलंडमधलं त्याहून छोटं बर्ड्सव्हिल, ५१७ किलोमीटर कच्चा रस्ता. दादाचा फोन आला, "अगं, तू मेकॅनिकलला ना? मग सांग, कुठली गाडी घेऊ?" थर्ड इयरच्या मुलीला एवढा मान कोण देतं? मशीन डिझाइनची शीट्स बाजूला ठेवून मी वाचायला बसले. दोन महिन्यांनी लक्षात आलं की त्याचा प्रश्नच उलट्या बाजूने सुरू होतो. लोक आधी गाडीचं नाव ठरवतात, मग ती सजवतात, आणि टायरचा विचार शोरूमच्या दारात करतात. विचार जमिनीपासून वर करायला हवा. आधी रस्ता, मग त्यावर टेकणारा टायर, मग टायरवरचं वजन, आणि शेवटी गाडीचं नाव. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे टायरचे मराठी शब्द कॉलेजच्या गेटसमोरच्या पंक्चरवाल्या काकांकडून शिकले. स्टेपनीला स्टेपनीच म्हटलेलं चालतं असं त्यांनी सांगितलं.)

आधी रस्ता. बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या आजूबाजूला सिम्पसन, तिरारी आणि स्टर्ट स्टोनी अशी वाळवंटं आहेत. यातलं शेवटचं नावाप्रमाणे दगडांचं. तिथल्या लालसर दगडांना 'गिबर' म्हणतात. वाऱ्याने गुळगुळीत झालेले असले तरी फुटलेल्या गिबरची धार सुरीसारखी असते. म्हणजे वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जी वाळू येते, ती या रस्त्यावर कमीच. इथे टायरचा शत्रू दगड आहे. वाळू लागते ती बर्ड्सव्हिलहून पश्चिमेला ३५ किलोमीटरवर, 'बिग रेड' नावाच्या साधारण ४० मीटर उंच टेकडीपाशी. तिथून पुढे सिम्पसन वाळवंटात एकामागून एक अकराशेहून जास्त वाळूच्या लांबलचक रांगा आहेत. दादा बिग रेड चढून मागे फिरणार आहे, पलीकडे जाणार नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

आता तुम्ही म्हणाल, गाडी बंद पडली तर काय, फोन करायचा. तिथे शेकडो किलोमीटर मोबाइलला रेंज नसते. १९६३ च्या डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, इंग्लंडहून येऊन मरीला राहिलेलं एक पाच जणांचं कुटुंब याच ट्रॅकवर निघालं. वाट चुकली, पेट्रोल संपलं. चिठ्ठी ठेवून ते गाडी सोडून निघाले आणि पाचही जण तहानेने गेले. आईवडील आणि तीन मुलगे. त्यांना एकत्रच पुरलेलं आहे. बर्ड्सव्हिलला २४ डिसेंबर १९७२ रोजी ४९.५ अंश तापमान नोंदलं गेलं, क्वीन्सलंड राज्याचा तो उच्चांक. म्हणूनच सिम्पसनची राखीव उद्यानं १ डिसेंबर ते १५ मार्च बंद ठेवतात आणि शहाणे लोक जून, जुलै, ऑगस्टमध्ये जातात. जुलैत तिथे पहाटे सहा-सात अंश आणि दुपारी वीस-बावीस असतं.

हे मी मावशीला सांगितलं नाही. दादाला मात्र सगळं सांगितलं.

आता वजन. प्रत्येक गाडीला एक जीव्हीएम असतो, म्हणजे गाडी, माणसं आणि सामान मिळून कायद्याने जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते आपल्या वाट्याचं. दादाच्या डोक्यात सेकंडहँड टोयोटा प्राडो होती, २०२३ पर्यंत विकली जाणारी आधीच्या पिढीतली. तिचा जीव्हीएम २,९९० किलो, आणि टाकी भरलेली धरून गाडी साधारण २,३२५ किलो. उरले ६६५. ऐकायला खूप वाटतं. मी जर्नलच्या मागच्या पानावर यादी केली. दादा, वहिनी, छोटी मिळून १६०. कांगारू आडवा आला तर म्हणून पुढे लावतात तो लोखंडी बुल बार ५५. छतावरचं कॅरियर ३०. दुसरी बॅटरी आणि तिची वायरिंग २५. गाडीतला फ्रिज, भरलेला, ४५. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, हे एकच गणित सोपं. जादा डिझेल ४० लिटर, घनता ०.८४ धरून ३४ किलो, दोन कॅनचे मिळून ४२. दुसरी स्टेपनी रिमसकट ३८. हत्यारं, कॉम्प्रेसर, दोर, फावडं ५०. तंबू आणि अंथरुणं ४५. कपडे, भांडी, शिधा ५०. बेरीज बरोब्बर ६००. यात वहिनीचा प्रेशर कुकर धरलेला नाही, कॅमेऱ्याची बॅग नाही, आणि 'असू दे, लागेल' म्हणून ऐनवेळी कोंबलेल्या वस्तू तर नाहीतच.

इथेच बऱ्याच लोकांचं चुकतं असं मला वाटतं. जाहिरातीतली गाडी वाळूवरून उडत जाते तेव्हा ती रिकामी असते. खऱ्या प्रवासातली गाडी पोटभर जेवून निघालेली असते. जास्त वजन म्हणजे टायर जास्त दबणार, जास्त तापणार, शॉक ॲब्सॉर्बर दमणार, ब्रेकला अंतर जास्त लागणार. शिवाय जीव्हीएम ओलांडून अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच. मोठी गाडी घेऊन प्रश्न सुटतो असंही नाही. मोठी गाडी स्वतःच जड असते, त्यामुळे कधीकधी तिच्या वाट्याला सामानासाठी लहान गाडीपेक्षा कमीच किलो उरतात. टोयोटाच्या लँडक्रूझर ७० मालिकेतली पिकअप तिकडचे शेतकरी आणि खाणवाले वापरतात ती तोंडाकडे बघून नव्हे. २०२२ मध्ये तिचा जीव्हीएम ३,५१० किलोपर्यंत वाढवला, हे त्यातलं एक कारण. पण तिच्यात लहान मुलीला घेऊन हजारो किलोमीटर जायचं म्हणजे वहिनीच्या पाठीचा विचार करावा लागेल.

इंधनाचं गणित मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात थेट किलो वाचले. ट्रॅकवर मरी, मधे मुंगेरानी आणि शेवटी बर्ड्सव्हिल इथे डिझेल मिळतं. मरी ते मुंगेरानी साधारण २०५ किलोमीटर, तिथून बर्ड्सव्हिल ३१२. भरलेली गाडी कच्च्या रस्त्यावर १०० किलोमीटरला १४ लिटर खाते असं धरलं, तर मुंगेरानीत डिझेल संपलेलं असलं तरी पूर्ण ट्रॅकला ७२ लिटर पुरतात. त्या पिढीच्या डिझेल प्राडोला दोन टाक्या मिळून १५० लिटर मावतात. मग ते ४० लिटरचे कॅन कशासाठी? सगळे नेतात म्हणून! दादाला म्हटलं, काढून टाक, ४२ किलो सुटले. सिम्पसन आडवं पार करायचं असतं तर गोष्ट निराळी. तिथे मधे पाचशेहून जास्त किलोमीटर इंधनच नाही आणि वाळूत गाडी १०० किलोमीटरला २०-२५ लिटरही पिते. पण आपण तिकडे जातच नाही आहोत. जो प्रवास करायचा नाही त्याची तयारी गाडीवर लादून नेऊ नये.

याच गणितात आपल्या चाकणची एक गाडीही तपासली. महिंद्राची स्कॉर्पिओ चाकणला बनते आणि २०२३ पासून ऑस्ट्रेलियात विकायला गेली, फोर व्हील ड्राइव्ह आणि लो रेंजसकट. अभिमान वाटलाच, पण अभिमानाने लिटर वाढत नाहीत. तिची टाकी ५७ लिटरची, म्हणजे त्याच हिशेबाने ४०० किलोमीटरच्या आसपास. मुंगेरानीत डिझेल मिळालं तर ती आरामात जाईल, नाही मिळालं तर अडकेल. म्हणजे तिला २० लिटरचा एक कॅन हवाच. जमेल, पण हिशेब ठेवून. जिम्नीवाल्यांसाठीही बातमी आहे. गुरुग्रामला बनलेली पाच दरवाजांची जिम्नी २०२३ च्या अखेरीपासून तिकडे जिम्नी एक्सएल नावाने गेली. हलकी असल्यामुळे ती वाळूत अवघड ठिकाणी मजेत जाते, फक्त त्या गाडीत वरची यादी मावत नाही. दोघांनी जावं, तिसरं माणूस आणि कुकर घरी ठेवून.

ड्राइव्हबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्हाला लेक्चरमध्ये आलेलं आहे. पार्ट टाइम फोर व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि शाफ्ट बांधलेले असल्यामुळे तो फरक कुठेतरी निघावा लागतो. मातीत चाक थोडं घसरून तो निघतो, डांबरावर निघत नाही आणि सगळी यंत्रणा पीळ खात बसते. म्हणून अशा गाडीत डांबरावर टू व्हीलमध्ये यावं लागतं. प्राडोसारख्या फुल टाइम गाडीत मधे एक डिफरन्शियल असतं, त्यामुळे डांबर, खडी, पुन्हा डांबर असं बदलत जाणाऱ्या रस्त्यावर ड्रायव्हरला दर वेळी लिव्हर हलवावा लागत नाही आणि खडीवर पकड कायम राहते. मी यालाच मत दिलं. लो रेंज मात्र असलीच पाहिजे. प्राडोत लो रेंज टाकली की चाकाला मिळणारा टॉर्क साधारण अडीच पट होतो आणि वाळूच्या टेकडीवरून उतरताना गाडी ब्रेक न दाबता मुंगीच्या चालीने येते. 'ऑल व्हील ड्राइव्ह' असं मागे चिकटवलेल्या शहरी गाड्यांत बहुतेक वेळा हीच गोष्ट नसते.

आता मुख्य विषय, टायर. दादाला हवे होते मोठमोठ्या गोट्यांचे मड टायर आणि २० इंची रिम. फोटोत जबरदस्त दिसतात, मान्य. पण हिशेब करा. टायरवर २६५/६५ आर १७ असं लिहिलेलं असतं, त्यात २६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या ६५ टक्के बाजूची उंची, १७ हा रिमचा इंचातला व्यास. म्हणजे साइडवॉल १७२ मिलिमीटर. त्याच गाडीवर २६५/५५ आर २० घातला तर साइडवॉल १४६ मिलिमीटर. बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच, पण रिम मोठा झाला आणि रबराची गादी एक इंचाने बारीक झाली. दगडावर आदळताना झिजायला, दबायला, पसरायला जी जागा लागते ती हीच. शिवाय १६ आणि १७ इंची टायर हे तिकडच्या कामाच्या गाड्यांचे माप, आडरस्त्याच्या रोडहाऊसमध्ये मिळण्याची शक्यता त्यांचीच जास्त. २० इंची टायर मागितला तर मालक प्रेमाने चहा देईल, टायर नाही.

नक्षी कुठली? हायवे टायरची नक्षी उथळ आणि रबर पातळ, गिबरला ती दाद देत नाही. मड टायरच्या गोट्यांमधली मोठी जागा चिखल फेकून देण्यासाठी असते. कोरड्या दगडी रस्त्यावर त्याच गोट्यांचे तुकडे उडतात, डांबरावर आवाज आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकिंग वाईट. ऑल टेरेन हा मधला मार्ग, आणि या ट्रॅकला मधला मार्गच योग्य. एक लक्षात घ्या, ट्रॅकवर चिखल झाला तर मड टायर लावून जायचं नसतंच, कारण रस्ता बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो. २०२५ च्या मार्चअखेर नैऋत्य क्वीन्सलंडात असा पूर आला की मैलोनमैल कुरणं पाण्याखाली गेली. तेव्हा कोणाच्याच टायरचा उपयोग नव्हता.

नक्षीपेक्षा महत्त्वाची आहे टायरची अंगकाठी. साध्या पॅसेंजर टायरवर ११२ असा लोड इंडेक्स असतो, म्हणजे पूर्ण हवेत एका टायरची ताकद १,१२० किलो. त्याच मापाच्या एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या जातीच्या, टायरवर १२० च्या आसपास, म्हणजे १,४०० किलो. मागच्या एका चाकावर भरलेल्या प्राडोचे ८५० किलो येतात असं धरा, मग १,१२० पुरेसे नाहीत का? कागदावर पुरेसे. पण ती ताकद पूर्ण हवेतली, आणि कच्च्या रस्त्यावर आपण हवा कमी करणार आहोत. शिवाय एलटीची साइडवॉल जाड, आणि गिबर नेमका तिथेच कापतो. नक्षीतलं पंक्चर दहा मिनिटांत रबरी वात घालून बुजवता येतं, साइडवॉलचा काप बुजवता येत नाही. एलटीला तोटेही आहेत. वजन जास्त, डिझेल थोडं जास्त, गाडी कडक लागते, आणि तेच ओझं उचलायला त्याला हवाही जरा जास्त लागते. एवढं सोसावं.

सेकंडहँड गाडीबरोबर आलेले टायर घेताना त्यांचं वय बघा. साइडवॉलवर शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दादाने बघितलेल्या पहिल्या गाडीच्या टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, विकणारा त्याच जोरावर बोलत होता. आकडे वाचले तर टायर अकरा वर्षांचे. रबर वाळून चरे पडतात, ते नक्षीत नाही, खोबणीत आणि बाजूला दिसतात.

आता हवा. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. फुगा घट्ट फुगवून त्यावर टाचणी लावा, फट् होतो. अर्धवट फुगलेल्या फुग्यात बोट दाबलं तर तो बोटाभोवती गुंडाळला जातो. टायरचंही तसंच. खडीवर हवा थोडी कमी केली की नक्षी दगडाला कवटाळते, फाटत नाही. पण फारच कमी केली तर साइडवॉल बाहेर फुगून दगडासमोर येते, आणि सारखी वाकून तापते. म्हणून प्रत्येक जमिनीला वेगळी हवा. भरलेल्या गाडीला डांबरावर ३८ ते ४० पीएसआय, खडीवर २८ ते ३२ आणि वेग ८० च्या आत, वाळूत १६ ते १८ आणि वेग ४० च्या आत. हे सुरुवातीचे आकडे, पुढे टायर स्वतः सांगतो.

कसा सांगतो ते बघा, इथे अकरावीचं गॅस लॉ कामाला येतं. पहाटे सात अंशाला, म्हणजे २८० केल्व्हिनला, ३६ पीएसआय हवा भरली. गेज वातावरणाचा दाब मोजत नाही, म्हणून १४.७ मिळवून खरा दाब ५०.७. तासभर गाडी चालवून पुन्हा मोजली आणि ४० आली. ५४.७ भागिले ५०.७ गुणिले २८० बरोबर ३०२ केल्व्हिन, म्हणजे आतली हवा २९ अंश. सात ते एकोणतीस, ठीक आहे. आणि ४६ आली तर? ३३५ केल्व्हिन, म्हणजे ६२ अंश! टायर भयंकर वाकतोय. आता सांगा, अशा वेळी काय कराल? आमच्या रूमवरच्या चौघींपैकी तिघी म्हणाल्या, दाब वाढला ना, मग हवा सोड. नेमकं उलटं. हवा सोडली तर टायर अजून वाकेल, अजून तापेल. वेग कमी करायचा, थांबून टायर गार होऊ द्यायचा, आणि मग सकाळी भरली होती त्यापेक्षा जास्त हवा भरायची. ऑस्ट्रेलियात याला चार पीएसआयचा नियम म्हणतात. तासाभरात साधारण चार, एलटी टायरला सहापर्यंत वाढ झाली तर हवा बरोबर. त्याहून जास्त वाढली तर सुरुवातीची हवा कमी होती, किंवा ओझं जास्त, किंवा पाय जड. त्याहून कमी वाढली तर हवा जास्त होती. फक्त एक पथ्य. पहाटे सातची हवा दुपारी बावीस अंशाला उभ्या गाडीतही पावणेतीन पीएसआयने वाढते. म्हणून दुसरं माप सकाळीच, निघाल्यावर तासाभरात घ्यायचं.

वाळूतलं कारण वेगळं. चाकावर ८५० किलो म्हणजे ८,३४० न्यूटन. ३६ पीएसआय म्हणजे २४८ किलोपास्कल, भागाकार केला की जमिनीला टेकणारं क्षेत्र सुमारे ३३६ चौरस सेंटिमीटर. साइडवॉलचा थोडा हातभार सोडून दिला तर १८ पीएसआयला हेच दुप्पट, ६७२. टेकणारी रुंदी २० सेंटिमीटर धरली तर डाग १७ सेंटिमीटरचा ३४ होतो. म्हणजे टायर रुंद होतो असं लोक समजतात, तो खरं तर लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. म्हणूनच अडकल्यावर ॲक्सिलरेटर दाबण्याआधी हवा सोडायची. वळण मात्र हळू, कमी हवेत टायर रिमवरून निसटू शकतो. आणि डांबर लागायच्या आधी पुन्हा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर ही चैन नाही.

वाळवंटातली ही युक्ती माणसाआधी उंटाला माहीत होती. त्याच्या तळव्याची मऊ गादी टेकताना पसरते, म्हणजे कमी हवेचा टायरच. आणि हा उंट तिकडे गेला तो आपल्याच बाजूने. १८६५ च्या अखेरीस कराचीहून शंभराहून जास्त उंट दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरवले गेले, बरोबर त्यांना हाकणारी माणसंही. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. मरी हे या उंटवाल्यांचं मोठं ठाणं. म्हणजे दादा जिथून निघणार तिथून दीडशे वर्षांपूर्वी आपल्या खंडातले लोक निघत होते. त्यांच्यानंतर ट्रक आला. टॉम क्रूझ नावाचा (नटाचा काही संबंध नाही, स्पेलिंगही वेगळं) टपालवाला १९३० च्या दशकापासून लेलँड बॅजर ट्रक घेऊन याच ट्रॅकवर जायचा. त्याच्यावर १९५४ मध्ये 'द बॅक ऑफ बियाँड' हा चित्रपट निघाला. ट्रक फोर व्हील ड्राइव्ह नव्हता. मऊ वाळूत चाकाखाली लोखंडी पत्रे अंथरायचे, पुढे जायचं, मागचे उचलून परत पुढे अंथरायचे. आज याच कामाच्या प्लास्टिकच्या फळ्या मिळतात. दादाला त्या घ्यायला लावल्या आणि महागडी विंच घेऊ दिली नाही. झाडच नसलेल्या जागी विंचचा दोर कशाला बांधणार?

अडकलेली गाडी ओढताना एक गोष्ट कधीही करू नये. ट्रेलरसाठी मागे जो गोळा असतो त्याला दोर बांधून झटका द्यायचा नाही. तो गोळा तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो आणि असे लोक मेलेले आहेत. चॅसिसला बोल्टने बसवलेले खास हूक असतात, तेच वापरायचे.

स्टेपनी दोन का? कारण पहिली वापरली की त्या क्षणापासून तुम्ही स्टेपनीशिवाय आहात, आणि पुढचं गाव दोनशे किलोमीटरवर. दुसरी रिमसकट छतावर ठेवली तर ३८ किलो डोक्यावर. म्हणून काहीजण नुसता टायर नेतात, रिम नाही, निम्म्याच्या आसपास वजन वाचतं. मग टायर रिमवर चढवायची कला यायला हवी. दादाला पंक्चर काढता येत नव्हतं. गेल्या महिन्यात त्याने घरामागच्या अंगणात चारही चाकं एकेक काढून बसवली, छोटी स्टॉपवॉच धरून बसली होती. पहिल्याला पन्नास मिनिटं, चौथ्याला अठरा.

आणि गाडी खरंच बंद पडली तर? गाडीजवळच थांबायचं. गाडी विमानातून दिसते, माणूस दिसत नाही. गाडीची सावली असते, पाणी गाडीत असतं. त्याने उपग्रहावरून संदेश देणारा छोटा बीकन घेतला आहे, वजन मोबाइलएवढं. यादीत ग्रॅममध्ये लिहायची ती एकच वस्तू.

शेवटी प्राडोच घेतली, १७ इंची रिमवर नवे एलटी ऑल टेरेन. मागच्या शनिवारी सगळं सामान भरून, तिघेही बसून, ते सार्वजनिक वजनकाट्यावर गेले. एकूण २,९५० किलो, म्हणजे मर्यादेच्या आत. दादा खूश. मी म्हटलं, आता फक्त मागची चाकं काट्यावर घे. मागच्या ॲक्सलवर चाळीस किलो जास्त निघाले, कारण पाण्याचे सगळे कॅन आणि हत्यारं मागच्या दरवाजाशी होती. आता पाण्याचे कॅन पुढच्या सीटच्या पाठीमागे खाली येणार, हत्यारांतली निम्मी घरी राहणार. दुसरी स्टेपनी राहणार. पुढच्या शनिवारी पुन्हा वजन. कुकरवर मात्र वहिनी अडून बसल्या आहेत, तीन लिटरचा आहे, पावणेदोन किलो, त्याला मी परवानगी दिली.